पिंट्या जेवली का?

माझ्या मोठ्या साडूंना जगातली कुठलीही गोष्ट एका दमात समजलेली मी पाहिलेली नाही. आणि समजल्यावर ती त्यांनी दुसऱ्याला समजावून सांगितली, तर ऐकणाऱ्याला आधी जे कळलेलं असतं तेही कळेनासं होतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. थोरल्या बहिणीला बायको ताई म्हणते म्हणून मीही ताईच म्हणतो. साडूंनी उभी हयात पनवेलच्या एका सरकारी कचेरीत काढली, आणि तीही कुठे, तर चौकशीच्या खिडकीवर. या माणसाला चौकशीच्या खिडकीवर कुणी बसवलं याची आधी चौकशी व्हायला पाहिजे, असं माझे सासरे म्हणत. पण खरी गोष्ट अशी की साडूंच्या खिडकीवर आलेल्या माणसाचं काम हमखास व्हायचं. कारण कुठल्या टेबलावर जायचं हे साडूंना धड सांगता येत नसे. दोनदा सांगून पाहिलं, समोरच्याच्या चेहऱ्यावर धुकं उतरलेलं दिसलं, की ते खिडकी बंद करून उठत, त्या माणसाचा हात धरत आणि स्वतः त्याला त्या टेबलापर्यंत पोचवून येत. वाटेत एखाद-दुसरं चुकीचं टेबल लागे, पण शेवटी काम होई. निवृत्त झाल्यावरही बाजारात कुणी ना कुणी त्यांना थांबवून नमस्कार करतं, आणि हा कोण हे त्यांना घरी येईपर्यंत आठवत नाही.

रस्ता दाखवण्याची मात्र त्यांना विलक्षण हौस. एकदा आपट्याला त्यांच्या चुलत भावाच्या नातीचं बारसं होतं. मला वाट ठाऊक नव्हती, म्हणून साडू पुढे बसले. शिरढोणला रस्त्यालगत एका घरासमोर मांडव दिसला तसं त्यांनी आलं आलं म्हणून गाडी थांबवली. आम्ही उतरलो. यजमानांनी हसून या या केलं, सरबत दिलं, पानावर बसवलं. साडूंनी बाळाला मांडीवर घेऊन आशीर्वाद दिला, त्याच्या मुठीत चांदीची वाटी ठेवली, आणि बाळाचं नाक थेट आपल्या आजोबांसारखं असल्याचं सगळ्यांना सांगितलं. जिलबी वाढायला आली तेव्हा ताईने सभोवार पाहिलं आणि मला हळूच विचारलं की इथे आपल्यातलं कुणीच कसं दिसत नाही. मांडव बारशाचाच होता, बाळ मात्र दुसरंच होतं. आता दिलेली वाटी परत मागायची कशी? आम्ही भरल्या पोटी आणि रिकाम्या हाती आपट्याला पोचलो, तेव्हा तिथली पानं उठली होती.  परतीच्या वाटेवर साडू म्हणाले, नाक मात्र खरंच आजोबांसारखं होतं.

अशा या साडूंना एकुलता एक मुलगा, अमेय. बापाच्या बोलण्यातून काही हाती लागत नाही हे त्याने लहानपणीच ओळखलं असावं, कारण तो फार कमी बोलणारा निघाला. बाप-लेकांचं बोलणं म्हणजे जेवलास का, आणि हो. दोघांचं भांडण नव्हतं, अबोला नव्हता. बोलायला विषय नव्हता इतकंच. अमेयचा सगळा जीव त्याच्या खोलीतल्या फिशटँकमध्ये. साधे गोड्या पाण्यातले मासे नव्हेत, खाऱ्या पाण्यातला टँक. त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला एकच क्लाउनफिश होता. अमेयने त्याचं नाव आपल्या मामेभावावरून पिंट्या ठेवलं होतं, कारण रागावल्यावर दोघांचेही गाल सारखेच फुगतात असं त्याचं म्हणणं. अमेयला जर्मनीत नोकरी लागली तेव्हा पिंट्याचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. साडू म्हणाले, मी बघतो. घरातल्या कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही, आणि अमेय गेला.

मग रविवारचे फोन सुरू झाले. अमेय पहिलं वाक्य विचारायचा, "बाबा, पिंट्या जेवला का?" आणि साडू सुरू व्हायचे. पिंट्या काय जेवला, किती थुंकला, कुठल्या कोपऱ्यात तोंड करून बसला, पाण्याचा खारटपणा काल किती होता आणि आज तो मोजायचं यंत्र उलटं धरल्यामुळे किती दिसला. अमेय मध्येच हसायचा, काहीतरी सांगायचा, साडू ते चुकीचं समजायचे, तो पुन्हा सांगायचा. अर्धा-अर्धा तास. ताई स्वयंपाकघरात गॅस बारीक करून ऐकत उभी राहायची. एकदा तिने मला सांगितलं की इतकी वर्षं एका घरात राहून हे दोघं जेवढं बोलले नाहीत तेवढं एका रविवारी बोलतात. असं सांगताना ती हसत होती, पण डोळे तिने पदराला पुसले.

मासा एकटा आहे ही गोष्ट साडूंच्या मनात याच सुमारास शिरली. दिवसभर ते टँकसमोर खुर्ची टाकून बसत. ताई बाजारातून जिच्याकडून मासळी घेते ती उरणची कोळीण एकदा बोंबील घेऊन घरी आली होती. ताई सुटे आणायला आत गेली तशी ती टँकसमोर येऊन उभी राहिली. खालून वरून पाहून तिने साडूंना विचारलं, "खायाचा नाय, इकायचा नाय, मंग पालला हाय कशाला?" साडू म्हणाले की त्याचा संसार व्हावा अशी इच्छा आहे. ती म्हणाली, "कोनाचा?" या प्रश्नावर साडू इतका वेळ विचार करत राहिले की ती पैसे घेऊन निघूनही गेली. पुढे त्यांनी तिच्याकडे समुद्राचं पाणी मागितलं, तेव्हा आमी म्हावरं इकतो, पानी नाय, असं तिने त्यांना ठणकावून सांगितलं. साडू तेव्हापासून दुकानातून टँकच्या मिठाचं पाकीट आणून बादलीत पाणी कालवू लागले.

पिंट्याला जोडीदार आणायचा ठरल्यावर साडू मासेवाल्या दुकानात गेले आणि मादी द्या म्हणाले. दुकानदाराने जे सांगितलं ते ऐकून ते घरी न जाता रिक्षा करून थेट आमच्या कामोठ्याच्या घरी आले. पाणीही न पिता त्यांनी माझ्या बायकोकडे एक मोठी आणि एक लहान वाटी मागितली. हे मासे जन्माला येतात तेव्हा सगळे नरच असतात, ते सांगू लागले. दोघांना एकत्र ठेवलं की जो मोठा आणि दांडगा तो मादी होतो, धाकटा नर राहतो. मग बायको मेली, तर नवरा बायको होतो. आणि बाहेरून आणखी एखादा धाकटा आला, तर तो त्याचा, म्हणजे तिचा, नवरा. हे सांगताना वाट्यांची अदलाबदल इतक्यांदा झाली की कुठली वाटी कोण हे त्यांनाच कळेना. त्यांनी चमचा आणायला सांगितला. शेवटी माझ्या बायकोने विचारलं, "म्हणजे आपला पिंट्या मुलगा आहे की मुलगी?" साडू म्हणाले, "आज मुलगा आहे. लग्न झालं की मुलगी होईल." वाट्या तिने उचलून घासायला टाकल्या.

दुसऱ्या दिवशी पिंट्याच्या निम्म्या आकाराचा एक क्लाउनफिश घरात आला. घरात नवं माणूस आलं म्हणून ताईने त्याचं नाव सूनबाई ठेवून टाकलं. खरा मुलगा लग्नाचं नाव काढत नव्हता, तेव्हा निदान टँकमध्ये तरी सून यावी असं तिला वाटलं असेल. नियमाप्रमाणे सूनबाई हा नर राहणार होता आणि पिंट्या ही मादी होणार होती, हे साडूंनी तिला परोपरीने सांगितलं. ती म्हणाली, एकदा ठेवलेलं नाव बदलत नाहीत. तेव्हापासून त्या घरातल्या मराठी व्याकरणाचं जे झालं ते आजतागायत दुरुस्त झालेलं नाही. पिंट्या जेवली, सूनबाई रुसला, पिंट्याने त्याला ढुशी दिली, सूनबाई बिचारा कोपऱ्यात बसला. पाहुणे आले की आधी घाबरत, मग नकळत तसंच बोलू लागत.

दोघांना एकदम एकत्र सोडलं तर मोठा धाकट्याला मारतो, म्हणून आधी नुसती तोंडओळख करून द्यावी असं दुकानदाराने सांगितलं होतं. साडूंनी ताईची भाजी निथळायची प्लास्टिकची चाळणी पाण्यात टांगली आणि तीत सूनबाईला ठेवलं. पिंट्या चाळणीभोवती गाल फुगवून फिरू लागली. साडूंना आनंद मावेना. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि आमच्या सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, ज्यावर पुण्यापासून चिपळूणपर्यंतचे सगळे नातेवाईक आहेत, लिहिलं : "कळवण्यास आनंद होतो की पिंट्याचं जमलं. नवरी लहान आहे पण मनमिळाऊ वाटते. सध्या चाळणीत ठेवली आहे."

आता पिंट्या हा हाडामांसाचा माणूसही होता. माझ्या मेहुण्याचा मुलगा, एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, आणि कितीतरी वर्षं स्थळं बघून बघून कंटाळलेला. त्याच्या लग्नाची वाट अख्खं खानदान पाहत होतं. 'चाळणीत' ही टायपिंगची चूक समजून सर्वांनी ते 'चाळीत' असं वाचलं. अभिनंदनाचा पाऊस पडला. चिपळूणच्या आत्यांनी चाळीतली असली तरी मुलगी गुणी असली म्हणजे झालं असं मोठ्या मनाने लिहिलं. एक काका मुलीचं वय विचारू लागले. पिंट्याच्या आईला फोनवर फोन. तिला काहीच ठाऊक नाही, म्हणून ती रडायला लागली. मी साडूंना फोन करून ताबडतोब खुलासा करा म्हटलं. त्यांनी केला : "दुरुस्ती. पिंट्या हीच नवरी आहे. सूनबाई हा मुलगा आहे. गैरसमज नसावा."



पिंट्या संध्याकाळी मोटारसायकलवरून साडूंच्या घरी आला तेव्हा त्याचे गाल अमेय सांगायचा तसेच फुगलेले होते. नेमका मीही तिथे होतो. साडूंनी त्याला काही बोलू न देता हाताला धरून टँकसमोर नेलं, जसं आयुष्यभर लोकांना टेबलापर्यंत नेलं तसं. चाळणी काढलेली होती. छोटा मासा मोठ्यासमोर आडवा होऊन थरथरत होता. साडू काळजीने म्हणाले की याला मघापासून हुडहुडी भरली आहे, तू मशिनमधला माणूस, पाण्याचं तापमान तरी बघ. पिंट्याने तापमान बघितलं. ते ठीक होतं. मग त्याने मोबाइलवर शोधलं आणि खुर्चीत बसत सांगितलं, "काका, हुडहुडी नाहीये. तुझंच ऐकेन असं सांगतोय तो तिला." साडू दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. ताई चहा घेऊन आली तेव्हा भांडायला आलेला पिंट्या पाण्यात नाक घालून बसला होता. त्याने ग्रुपवर स्वतःच लिहून टाकलं की मासा आहे, माझं अजून जमलेलं नाही, स्थळं सुचवत राहा. पुढे तो दर आठवड्याला येऊ लागला. आपल्या नावाचं निदान कुणीतरी संसाराला लागलंय हे बघायला बरं वाटतं, असं म्हणायचा.

संसार लागला खरा. टँकमध्ये उपड्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीवर एके सकाळी नारिंगी ठिपक्यांची नक्षी दिसली. ती अंडी. साडूंनी मला फोन करून पिंट्या बाळंत झाल्याचं सांगितलं. ग्रुपवर मात्र काही लिहिलं नाही, तेवढं ते शिकले होते. अंडी घालून पिंट्या मोकळी झाली आणि निवांत फिरू लागली. परांनी वारा घालणं, तोंडाने अंडी साफ करणं, खराब झालेलं अंडं उचलून टाकणं, सगळं सूनबाई करत होता. दिवसभर. जेवायलाही धड जात नव्हता. बापाने इतकं करायचं असतं हे साडूंना ठाऊक नव्हतं. ते खुर्ची आणखी पुढे ओढून बसले. अमेय लहान असताना मी काय करत होतो गं, असं त्यांनी ताईला विचारलं. तुम्ही लोकांना टेबलं दाखवत होता, ती म्हणाली. ती चिडून नाही बोलली, पण रविवारी अमेयला साडूंनी सूनबाई किती राबतो हे पुन्हा पुन्हा सांगितलं.

पहिली अंडी सूनबाईने स्वतःच खाऊन टाकली. नवखा बाप असं करतो म्हणे. दुसऱ्या खेपेची पिल्लं निघाली आणि भुकेने मेली, कारण त्यांना खायला लागतात डोळ्यांना न दिसणारे जीव, आणि त्या जिवांना खायला लागतं शेवाळाचं हिरवं पाणी. म्हणजे आधी पाणी हिरवं करायचं, त्यावर न दिसणारे जीव वाढवायचे, मग ते पिल्लांना घालायचे. साडूंनी गॅलरीत बाटल्यांची रांग लावली, एखादी जपून फ्रिजमध्येही ठेवली. त्यांना साखरेचा त्रास आहे, त्यामुळे फ्रिजमध्ये कारल्याच्या रसाचीही तसलीच बाटली असे. व्हायचं तेच झालं. न दिसणारे जीव कारल्याच्या रसात गतप्राण झाले, आणि साडूंनी कितीतरी सकाळी उपाशीपोटी शेवाळ प्यायलं. उघडकीला आल्यावर ताई घाबरून डॉक्टरकडे घेऊन गेली. साखर उतरली होती. ती शेवाळाने उतरली की कारलं न प्यायल्याने, हे डॉक्टरांनाही सांगता येईना, आणि साडूंना या आजाराबद्दल जे काही थोडंफार कळलं होतं तेही गेलं.

तिसऱ्या खेपेला पिंट्याने स्वतः लक्ष घातलं; म्हणजे माणसाने. अंडी अंधार झाला की फुटतात, म्हणून ज्या संध्याकाळी ती फुटणार असं वाटलं त्या दिवशी सात वाजताच घरातले सगळे दिवे बंद झाले. खिडक्यांना चादरी लावल्या. ताईची मालिका बंद. फ्रिज उघडायचा नाही, त्यातला दिवा लागतो. शेजारच्या बाई पोळपाट मागायला आल्या तर अंधारात मी धरून चौघं माणसं श्वास रोखून बसलेली पाहून, काय झालं हो, म्हणून त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. साडू कुजबुजले, बाळंतपण आहे. बाई एकदा ताईकडे बघून निघून गेल्या. नंतर पिंट्याने टँकच्या एका कोपऱ्यावर बॅटरीचा झोत टाकला, आणि त्या उजेडाकडे धुळीच्या कणांसारखं काहीतरी पोहत येऊ लागलं. प्रत्येक कणाला दोन डोळे होते. बाकी अंग नव्हतंच, नुसते डोळे. साडूंनी कपाने ते कण अलगद दुसऱ्या भांड्यात नेले. एकही थेंब सांडला नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी एखादं काम पहिल्या फटक्यात बरोबर केलेलं मी पाहिलं ते हे एकच.

त्यातली बरीच गेली. पण काही राहिली, आणि एके दिवशी त्या राखाडी कणांवर केसासारखा बारीक पांढरा पट्टा उमटला. साडूंनी इमारतीत पेढे वाटले. कशाचे, हे त्यांना नीट सांगता आलं नाही, त्यामुळे पेढे घेताना काहींनी अमेयचं तर काहींनी माणूस-पिंट्याचं अभिनंदन केलं. त्या रविवारचा फोन इतका लांबला की ताईची भाजी करपली, आणि तिने ती तशीच वाढली.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी मला साडूंचा फोन आला. त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच असं बोलणं ऐकलं ज्यात कसलाही घोळ नव्हता. "पिंट्या गेली. येता का?"

मी गेलो. ती पाण्याच्या वर आली होती. साडूंनी तिला ताईच्या आमटीच्या वाटीत काढून ठेवलं होतं. का गेली ते कुणालाच कळलं नाही. पाणी ठीक होतं, पिल्लं ठीक होती, सूनबाई इकडून तिकडे तिला शोधत होता. साडू एकामागून एक कारणं सांगत होते. उन्हाळ्यात पाणी आटतं तेव्हा साधं पाणी घालायचं असतं, मीठ आटत नाही. मी एखाद दिवशी चुकून खारं घातलं असेन. नाहीतर खाणं जास्त झालं असेल. नाहीतर कमी. मी म्हटलं, वय झालं असेल. ते त्यांनी ऐकलं नाही. आपलीच चूक असावी असं त्यांना वाटत होतं, कारण तसं असेल तर निदान काहीतरी समजल्यासारखं झालं असतं. माणूस-पिंट्या साइटवरून तसाच आला. गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत त्यानेच खड्डा केला. माती लोटताना म्हणाला, आपल्याच नावाचं कुणी पुरताना कसंतरीच होतं.

खरा प्रश्न रविवारचा होता. ताईचं म्हणणं सरळ होतं, की पोराला सांगून टाका. साडू नाही म्हणाले. मला वाटलं अमेयला वाईट वाटेल म्हणून. तसं मी विचारलं, तेव्हा टँककडे बघत ते म्हणाले, "सांगितलं तर पुढच्या रविवारी तो काय विचारेल?"

 रविवारी फोन आला. अमेयने नेहमीसारखं विचारलं, पिंट्या जेवली का. तोही एव्हाना तसंच बोलू लागला होता. साडू म्हणाले, जेवली. बघू, तो म्हणाला. साडूंनी मोबाइल काचेला अगदी चिकटवून धरला आणि सूनबाईला दाखवलं, कारण जवळून दाखवलं की कुणीही मोठं दिसतं. अमेय म्हणाला, छान दिसतेय. मग पुढचे कितीतरी रविवार हेच. साडूंना खोटं बोलायची सवय नव्हती. खरं बोलतानाच जो माणूस अडखळतो त्याने खोटं कसं सांभाळायचं? एका आठवड्यात पिंट्याने वाटाण्याएवढं खाल्लं, पुढच्यात तिचा उपास होता. सूनबाई कसा आहे म्हणून अमेयने विचारलं की ते गडबडून कुंडीची सावली दाखवायचे. दरम्यान सूनबाई खरंच वाढत होता. अंगाने भरला, गाल फुगवायला लागला, आणि पोटच्या पिल्लांतलं नको म्हणून दुकानातून आणलेल्या नव्या धाकट्याला ढुशा देऊ लागला, म्हणजे लागली. ताईने ठेवलेलं नाव अखेर व्याकरणात बसलं, पण ते ऐकून हसावं असं घरात कुणाला वाटलं नाही.

दिवाळीला अमेय आला. मी आणि बायको भेटायला गेलो तेव्हा तो नुकताच अंघोळ करून आला होता, आणि साडू त्याच्या खोलीच्या दारात अशा तऱ्हेने उभे होते की आत जाता येऊ नये. पण खोली त्याचीच. तो आत गेला, टँकसमोर वाकला. साडूंनी बोलायला सुरुवात केली. ही जी मोठी दिसते ती, म्हणजे तसं बघायला गेलं तर, पूर्वी जो होता तो आता, नियमच असा आहे की. त्यांनी वाट्या शोधायला इकडे तिकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

अमेय वाकलेलाच होता. म्हणाला, "बाबा, ही पिंट्या नाही. मला पहिल्याच रविवारी कळलं."

"मग तू विचारत का होतास? जेवली का, जेवली का म्हणून?"

"मग काय विचारणार होतो?"

माझी बायको आणि ताई दारात उभ्या होत्या.  साडू खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने अमेय खाली फरशीवर, त्यांच्या गुडघ्याला टेकून बसला, आणि नव्या धाकट्याचं नाव काय म्हणून त्याने विचारलं. ठेवलेलं नव्हतं. दोघं ते ठरवत बसले. फराळाची ताटं गार होईपर्यंत ठरलं नाही.

तो परत गेला त्यानंतरच्या रविवारी मी काही कामाने पनवेलला गेलो होतो, तर साडूंकडेही डोकावलो. फोन आला. साडूंनी चष्मा सारखा केला आणि टँककडे जायला उठले. पण अमेयने काहीतरी विचारलं आणि ते जागेवरच थांबले.  मला वाटलं फोन कट झाला. मग मोबाइल छातीशी धरून ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. ताई पोळ्या लाटत होती.

"अगं, तो विचारतोय बाबा तुम्ही कसे आहात," ते हळू आवाजात म्हणाले. "मी कसा आहे गं?"

ताईने लाटणं थांबवलं. वर बघून त्यांना एकदा नीट पाहिलं, आणि बरे आहात म्हणून सांगा, असं म्हणाली.

साडूंनी मोबाइल कानाला लावला. "बरा आहे म्हणते," ते म्हणाले, आणि पुढे काय बोलायचं असतं ते न कळून, फोन न ठेवता, खिडकीपाशी उभे राहिले. पलीकडेही फोन ठेवलेला नसावा.